आयगेनव्हॅल्यू काढताना लाक्षणिक बहुपदी का सोडून दिली? जेकोबीपासून क्यूआरपर्यंतची वाट

मॅट्रिक्सने गुणल्यावर ज्या व्हेक्टरची दिशा बदलत नाही तो तिचा आयगेनव्हेक्टर, आणि तो जितक्या पट होतो तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू. प्रश्न असा आहे: पुस्तकात आयगेनव्हॅल्यू काढायची रीत म्हणजे मॅट्रिक्सच्या कर्णातून लॅम्डा वजा करायचा, डिटरमिनंट शून्य धरायचा आणि जी बहुपदी मिळेल (तीच लाक्षणिक बहुपदी) तिची मुळं काढायची. मग नमपाय, मॅटलॅब, लॅपॅक या संगणकावर मॅट्रिक्सची आकडेमोड करणाऱ्या पॅकेजांपैकी कोणीच हे का करत नाही? आणि ते जे करतात ते आलं कुठून?

आधी उत्तर देतो, मग इतिहास. लाक्षणिक बहुपदी सिद्धांतासाठी उत्तम आहे. पण तिचे सहगुणक ठरावीक अंकांत लिहिले की आयगेनव्हॅल्यूबद्दलची बरीचशी माहिती तिथेच हरवते. मग मुळं कितीही चांगल्या पद्धतीने काढा, हरवलेलं परत येत नाही. हे नीट कळायला शंभराहून जास्त वर्षं गेली. कळल्यावर जे उभं राहिलं ते मला विसाव्या शतकातल्या गणिती कामातलं सर्वांत देखणं काम वाटतं. माझी बरीच वर्षं कंपनांच्या गणितात, म्हणजे रोज हीच आकडेमोड करण्यात गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात ग्रहांपासून होते. लाग्रांज आणि लाप्लास यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ग्रहांच्या कक्षा एकमेकांच्या ओढीमुळे शतकानुशतकं कशा सावकाश बदलतात याची समीकरणं मांडली. त्यांतून जे समीकरण निघायचं त्याला ‘सेक्युलर समीकरण’ म्हणत. आपलं लाक्षणिक समीकरण ते हेच. त्याची मुळं वास्तव आली तर कक्षा मर्यादेत डोलत राहतात, संमिश्र आली तर विचलन वाढतच जाऊ शकतं. निदान पहिल्या अंदाजापुरता तरी सूर्यमालेच्या स्थैर्याचा प्रश्न या मुळांवर येऊन ठेपला होता. कोशीने १८२९ मध्ये दाखवून दिलं की आज आपण ज्यांना सममित मॅट्रिक्स म्हणतो (कर्णाच्या दोन्ही बाजूंना आरशासारखे सारखेच आकडे असलेल्या) त्यांच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू वास्तवच असतात.

पण वास्तव असणं वेगळं आणि आकडा हातात असणं वेगळं. १८४० मध्ये ल व्हेरिए याने बहुपदीचे सहगुणक काढायची एक पद्धत दिली. मॅट्रिक्सचे घात काढायचे, प्रत्येक घाताच्या कर्णाची बेरीज घ्यायची आणि त्या बेरजांवरून सहगुणक मिळवायचे. हाच ल व्हेरिए पुढे १८४६ मध्ये नेपच्यूनचं स्थान वर्तवून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कार्ल जेकोबीने क्रेलेच्या नियतकालिकात एक लेख छापला. त्याच्यापुढेही तोच प्रश्न होता, आकडेही ल व्हेरिएचेच होते. तेव्हा ज्ञात असलेले ग्रह सात, म्हणून मॅट्रिक्स सात बाय सात. आकडेमोडीत त्याला लुडविग झायडेल या त्याच्या विद्यार्थ्याची मदत होती. जेकोबीने मात्र बहुपदीला हातच लावला नाही.

त्याची युक्ती अशी. सममित मॅट्रिक्समधली कर्णाबाहेरची एक मोठी संख्या निवडायची. ती ज्या दोन अक्षांची आहे त्या अक्षांची जोडी अशा कोनातून फिरवायची की ती संख्या शून्य होईल. मग पुढची संख्या घ्यायची. पुढची शून्य करताना आधी शून्य केलेली पुन्हा भरते, पण तरीही काम पुढे जातं. कारण कर्णाबाहेरच्या सगळ्या संख्यांच्या वर्गांची बेरीज दर फिरवणीत कमीच होते, आणि नेमकी किती कमी होते हेही सांगता येतं: जी संख्या शून्य केली तिच्या वर्गाच्या दुप्पट. असं करत करत मॅट्रिक्स कर्णरूप होत जाते आणि कर्णावर आयगेनव्हॅल्यू उरतात. जेकोबी स्वतः फिरवण्या शेवटपर्यंत नेत नसे. मॅट्रिक्स पुरेशी कर्णाकडे झुकली की उरलेलं काम तो दुसऱ्या एका पुनरावृत्तीच्या पद्धतीने संपवत असे.

इतकी चांगली पद्धत पुढची शंभर वर्षं जवळपास पडून राहिली. मला त्याची दोन कारणं दिसतात. हाताने करताना प्रत्येक फिरवणीत दोन पूर्ण ओळी आणि दोन पूर्ण स्तंभ बदलावे लागतात, आणि फिरवण्या किती लागतील हे आधी सांगता येत नाही. शिवाय डिटरमिनंटचा सिद्धांत तेव्हा जोरात होता, त्यामुळे बहुपदी हाच राजमार्ग वाटायचा.

त्या राजमार्गावर पुढे सर्वांत चांगलं काम केलं ते रशियन नौकाबांधणी तज्ज्ञ अलेक्सेई क्रिलॉव्ह यांनी, १९३१ मध्ये. एक व्हेक्टर घ्यायचा, त्याला मॅट्रिक्सने गुणायचं, आलेल्या व्हेक्टरला पुन्हा गुणायचं, असं करत व्हेक्टरांची एक रांग तयार करायची. या रांगेतला शेवटचा व्हेक्टर आधीच्यांच्या साह्याने कसा लिहिता येतो यावरून बहुपदीचे सहगुणक मिळतात. ल व्हेरिएच्या मानाने गुणाकार खूपच कमी लागतात. या रांगेतून तयार होणाऱ्या अवकाशाला आज क्रिलॉव्ह अवकाश म्हणतात, आणि मोठ्या मॅट्रिक्सच्या जवळजवळ सगळ्या आधुनिक पद्धती त्यावर उभ्या आहेत. मात्र त्या पद्धती या रांगेतून बहुपदीचे सहगुणक काढत नाहीत, म्हणजे क्रिलॉव्ह यांनी ज्यासाठी ती रांग मांडली तेवढंच नेमकं टाळतात.

दरम्यान इंजिनिअर लोक वेगळ्याच वाटेने चालले होते. त्यांना सगळ्या आयगेनव्हॅल्यू नकोच असतात. खांब कोणत्या भाराला वाकेल, टर्बाइनचा शाफ्ट कोणत्या वेगाला थरथरेल, एवढा एकच आकडा हवा असतो. व्हियानेल्लो आणि स्टोडोला यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत हेच केलं: आकाराचा अंदाज घ्या, त्यावरून नवा आकार काढा, तो पुन्हा आत घाला. रिचर्ड फॉन मिझेस आणि हिल्डा पोलाचेक-गायरिंगर यांनी १९२९ मध्ये याला मॅट्रिक्सच्या भाषेत नीट बसवलं. आज आपण ज्याला पॉवर मेथड म्हणतो ती हीच. कोणताही व्हेक्टर घेऊन मॅट्रिक्सने गुणत राहा, तो सर्वांत मोठ्या आयगेनव्हॅल्यूच्या दिशेकडे वळत जातो. वेग ठरतो दुसऱ्या क्रमांकाच्या आणि पहिल्या क्रमांकाच्या आयगेनव्हॅल्यूच्या गुणोत्तरावर. ते ०.९९ असलं तर शेकडो गुणाकार करावे लागतात. १९९८ च्या सुमाराला गूगलचं पेजरँक आलं तेही मुळात हीच पद्धत वापरून.

१९४४ मध्ये गटिंगेनला विमानाच्या पंखांच्या फ्लटरवर, म्हणजे वाऱ्यामुळे वाढत जाणाऱ्या थरथरीवर, काम करताना हेल्मुट वीलांट याने हे उलटं केलं. गुणण्याऐवजी समीकरणं सोडवायची, आणि तीही मॅट्रिक्सच्या कर्णातून आपल्या अंदाजाची संख्या वजा करून. अंदाज जितका आयगेनव्हॅल्यूच्या जवळ, तितका वेग जास्त. विद्यार्थी इथे नेहमी अडखळतात: अंदाज फारच जवळ गेला तर मॅट्रिक्स जवळपास सिंग्युलर (डिटरमिनंट शून्य असलेली) होईल, मग उत्तरात प्रचंड चूक येणार नाही का? येते. पण ती चूक जवळजवळ पूर्णपणे आपल्याला हव्या असलेल्या आयगेनव्हेक्टरच्याच दिशेने पडते. व्हेक्टरची लांबी एकला आणली की तिचा उपद्रव संपतो. हा बारकावा पुढे विल्किन्सनने नीट उलगडून दाखवला.

जेम्स विल्किन्सनबद्दल जरा थांबून लिहायला हवं. लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत तो ॲलन ट्युरिंगबरोबर होता. १९५० मध्ये तिथे पायलट एस हा संगणक चालू झाला आणि विल्किन्सन त्यावर बहुपदींची मुळं काढू लागला. चाचणीसाठी त्याने सर्वांत साधी वाटणारी बहुपदी घेतली, जिची मुळं १, २, ३ पासून २० पर्यंत आहेत. सगळी वास्तव, सगळी सुटी, समान अंतरावर. या बहुपदीत एकोणिसाव्या घाताचा सहगुणक वजा २१० आहे. त्यात दोनच्या वजा तेविसाव्या घाताएवढा, म्हणजे साधारण ०.०००००‌०१२ एवढा बदल केला तर काय होतं? वीसपैकी दहा मुळं संमिश्र होतात. १६ आणि १७ च्या जागी १६.७३ अधिक-वजा २.८१ आय अशी जोडी येते. विसाचं मूळ २०.८५ च्या आसपास जातं. १ ते ७ ही मुळं मात्र जवळपास जागची हलत नाहीत.

आता हेच मॅट्रिक्सच्या बाजूने पाहा. कर्णावर १ ते २० असलेली सममित मॅट्रिक्स घ्या आणि तिच्यात सममिती राखून तेवढाच बारीक फेरफार करा. सममित मॅट्रिक्ससाठी हेरमान वाइलचा निष्कर्ष सांगतो की फेरफाराचं जे मोजमाप असेल त्याहून जास्त कोणतीही आयगेनव्हॅल्यू हलू शकत नाही. म्हणजे सातव्या दशांश स्थानात केलेला बदल फार तर सातव्या स्थानाच्या आसपासच दिसतो. आयगेनव्हॅल्यू त्याच, पण एका रूपात त्या खडकासारख्या स्थिर आणि दुसऱ्या रूपात उधळलेल्या. बहुपदी का सोडली याचं उत्तर या एका उदाहरणात आहे. नमपायमध्ये स्वतः करून पाहा: १ ते २० मुळांची बहुपदी तयार करा, तिचीच मुळं परत काढा, आणि १० पासून १९ पर्यंतच्या मुळांतली चूक डोळ्यांनी पाहा.

आज तर रस्ता पूर्ण उलटा झाला आहे. नमपाय किंवा मॅटलॅबला बहुपदीची मुळं मागितली, तर ते त्या बहुपदीची कंपॅनियन मॅट्रिक्स (जिची लाक्षणिक बहुपदी तीच असते अशी) बनवतात आणि तिच्या आयगेनव्हॅल्यू काढतात.

याच नात्यातून आणखी एक गोष्ट निघते, ती इथेच सांगून टाकतो. प्रत्येक बहुपदी कुठल्यातरी मॅट्रिक्सची लाक्षणिक बहुपदी असते. पाचव्या किंवा त्याहून वरच्या घाताच्या समीकरणाला मूळचिन्हांत लिहिता येणारं सर्वसाधारण सूत्र नाही हे आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केलं. म्हणून पाच बाय पाच आणि त्यापुढच्या मॅट्रिक्ससाठी, ठरावीक पायऱ्यांत अचूक उत्तर देणारी पद्धत असूच शकत नाही. आयगेनव्हॅल्यूची प्रत्येक पद्धत आतून पुनरावृत्तीचीच असते. प्रश्न एवढाच उरतो की फेऱ्या किती लागतील आणि प्रत्येक फेरीत राउंडिंगच्या चुका फुगतील की आटोक्यात राहतील.

संगणक आल्यावर जेकोबीची पद्धत पुन्हा वर आली. गोल्डस्टाइन, मरे आणि फॉन नॉयमन यांनी १९५० च्या सुमाराला ती नव्याने शोधली. फिरवणीचं मोठं वैशिष्ट्य असं की ती लांबी बदलत नाही, त्यामुळे आधी शिरलेली चूक तिच्यामुळे वाढत नाही. वॉलेस गिव्हन्सने १९५४ मध्ये याच फिरवण्या वेगळ्या हेतूने वापरल्या. पूर्ण कर्णरूपाचा आग्रह सोडायचा आणि फक्त त्रिकर्णी रूपापर्यंत जायचं, म्हणजे मुख्य कर्ण आणि त्याच्या वरचा व खालचा असे तीनच कर्ण ठेवायचे. इथे एकदा केलेलं शून्य पुन्हा भरत नाही, त्यामुळे काम ठरावीक पायऱ्यांत संपतं. त्रिकर्णी मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू मग मध्यभाग घेत घेत शोधता येतात. १९५८ मध्ये ॲल्स्टन हाउसहोल्डरने फिरवणीऐवजी आरशातलं प्रतिबिंब वापरलं. एका प्रतिबिंबात अख्ख्या स्तंभाचा नको असलेला भाग शून्य होतो. पद्धत तितकीच सुरक्षित, आकडेमोड बरीच कमी. साठ-पासष्ट वर्षं झाली, पण प्रत्येक गंभीर प्रोग्रामची पहिली पायरी अजून हाउसहोल्डरचीच आहे.

असममित मॅट्रिक्सचा प्रश्न मात्र तसाच होता. तो सुटला तो झ्युरिचहून आलेल्या एका अनपेक्षित कल्पनेतून. हाइन्झ रुटिसहाउझर तिथल्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात एडुआर्ड श्टीफेलबरोबर काम करत होता. श्टीफेलने विचारलेल्या एका प्रश्नातून १९५४ मध्ये त्याला क्यूडी अल्गोरिदम सापडला आणि त्याचं मॅट्रिक्समधलं रूप म्हणजे एलआर अल्गोरिदम. मॅट्रिक्सचे दोन त्रिकोणी अवयव पाडा, एक खालचा त्रिकोण, एक वरचा, आणि त्यांना उलट्या क्रमाने गुणा. आलेल्या मॅट्रिक्सवर पुन्हा तेच करा. बस्स. आयगेनव्हॅल्यू बदलत नाहीत आणि मॅट्रिक्स हळूहळू त्रिकोणी होत जाते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे का चालतं ते पटतच नाही. आतमध्ये खरं तर पॉवर मेथडच चालू असते, फक्त एका व्हेक्टरऐवजी सगळ्या दिशांवर एकाच वेळी. पण एलआरची एक गोची आहे: त्रिकोणी अवयव पाडताना भागाकारात लहान संख्या आली की चुका भडकतात.

जॉन फ्रान्सिस लंडनच्या नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमध्ये प्रोग्रामर होता. विद्यापीठाची पदवी त्याने पूर्ण केलेली नव्हती. विमानांच्या फ्लटरच्या आकडेमोडीसाठी त्याला असममित मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू हव्या होत्या. रुटिसहाउझरची कल्पना त्याने घेतली आणि खालच्या त्रिकोणाच्या जागी ऑर्थोगोनल, म्हणजे लांबी न बदलणारी, मॅट्रिक्स ठेवली. हा क्यूआर अल्गोरिदम. त्याचे दोन लेख कॉम्प्युटर जर्नलमध्ये १९६१ आणि १९६२ मध्ये आले. जवळपास त्याच काळात लेनिनग्राडला व्हेरा कुब्लानोव्स्काया यांनी स्वतंत्रपणे तीच मूळ कल्पना मांडली. श्रेय दोघांचं आहे.

एक फेरी प्रत्यक्ष करून पाहू. मॅट्रिक्स घ्या: पहिली ओळ २, १ आणि दुसरी ओळ १, २. आयगेनव्हॅल्यू ३ आणि १ आहेत हे दिसतंच आहे. क्यू (ऑर्थोगोनल) आणि आर (वरचा त्रिकोण) असे अवयव पाडून उलटे गुणले की मिळते पहिली ओळ २.८, ०.६ आणि दुसरी ओळ ०.६, १.२. पुन्हा केलं की कर्णावर २.९७६ आणि १.०२४, कर्णाबाहेर ०.२२०. तिसऱ्या फेरीत कर्णावर २.९९७ आणि १.००३, बाहेर ०.०७४. पुढे दर फेरीत बाहेरची संख्या साधारण एक तृतीयांश होत जाते, कारण १ आणि ३ चं गुणोत्तर तेवढंच आहे. पद्धत बरोबर आहे, पण वेग पॉवर मेथडचाच.

फ्रान्सिसचं खरं मोठेपण यापुढे आहे. पहिल्या फेरीनंतरची मॅट्रिक्स घ्या आणि फेरीआधी कर्णातून खालचा उजवा आकडा, १.२, वजा करा. फेरी झाल्यावर तो परत मिळवा. याला शिफ्ट म्हणतात. एकाच फेरीत बाहेरची संख्या ०.०७४ होते, म्हणजे दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत. पुन्हा खालचा उजवा आकडा शिफ्ट म्हणून घ्या: बाहेरची संख्या ०.०००१. आणखी एक फेरी आणि ती दहाच्या वजा तेराव्या घाताच्या आसपास जाते. सममित मॅट्रिक्सवर शिफ्ट लागू पडली की बरोबर आलेल्या अंकांची संख्या दर फेरीत जवळपास तिप्पट होते. शिफ्ट न घेता ०.०७४ वरून ०.०००१ ला यायलाच सहा फेऱ्या लागल्या असत्या.

आता याच मॅट्रिक्सचा दुसरा चेहरा. पहिल्या फेरीची वाट न पाहता सुरुवातीलाच खालचा उजवा आकडा, म्हणजे २, शिफ्ट म्हणून घेतला तर? उरते पहिली ओळ ०, १ आणि दुसरी ओळ १, ०. ही स्वतःच ऑर्थोगोनल आहे. तिचे अवयव पाडून उलटे गुणले की तीच परत मिळते, आणि कितीही फेऱ्या केल्या तरी काहीच हलत नाही. कारण २ हा आकडा ३ आणि १ यांच्या बरोबर मध्ये आहे आणि पद्धतीला कोणाकडे जायचं ते ठरवता येत नाही. विल्किन्सनने यावर उपाय दिला: शिफ्ट म्हणून खालच्या कोपऱ्यातला एक आकडा न घेता, त्या कोपऱ्यातल्या दोन बाय दोन तुकड्याच्या आयगेनव्हॅल्यूंपैकी शेवटच्या आकड्याच्या जवळची घ्यायची, आणि दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर कोणतीही एक. सममित त्रिकर्णी मॅट्रिक्सवर ही शिफ्ट कधीच अडकत नाही हे त्याने १९६८ मध्ये सिद्ध केलं.

फ्रान्सिसने आणखी दोन गोष्टी केल्या आणि त्यांच्यामुळेच हा अल्गोरिदम वापरण्याजोगा झाला. एक, आधी मॅट्रिक्सला हेसेनबर्ग रूपात आणायचं, म्हणजे कर्णाखाली एकच तिरकी ओळ ठेवायची. क्यूआरच्या फेऱ्यांत हे रूप टिकतं, त्यामुळे फेरीचा खर्च आकाराच्या घनाऐवजी वर्गाच्या प्रमाणात येतो. दोन, वास्तव मॅट्रिक्सला संमिश्र आयगेनव्हॅल्यू असल्या तर शिफ्टही संमिश्र लागते. त्या नेहमी जोडीने येतात, म्हणून दोन फेऱ्या एकत्र बांधून सगळं काम वास्तव संख्यांतच उरकायचं. हे करताना शिफ्ट उघडपणे वजाही करत नाहीत. पहिल्या स्तंभावर एक छोटं प्रतिबिंब लावतात, त्याने हेसेनबर्ग रूपाबाहेर तीन-चार संख्यांचा एक फुगवटा तयार होतो, आणि तो फुगवटा पायरीपायरीने खाली ढकलत मॅट्रिक्सच्या टोकातून बाहेर काढतात. तो बाहेर पडला की दोन शिफ्टच्या फेऱ्या पूर्ण झालेल्या असतात. मी हा कोड पहिल्यांदा ओळीओळीने वाचला तेव्हा एखादा माणूस हे एकट्याने, १९५९ च्या संगणकावर कसं सुचवू शकला याचं मला फार आश्चर्य वाटलं होतं, आणि ते अजून ओसरलेलं नाही.

यानंतर फ्रान्सिसने हे क्षेत्र सोडलं. आपल्या अल्गोरिदमचं पुढे काय झालं याची त्याला कल्पनाच नव्हती. २००० मध्ये विसाव्या शतकातल्या दहा महत्त्वाच्या अल्गोरिदमांच्या एका गाजलेल्या यादीत क्यूआरचा समावेश झाला, तेव्हाही. २००७ मध्ये जीन गोलब आणि फ्रँक उलिग यांनी त्याला शोधून काढलं. २००९ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत त्याचा गौरव झाला. २०१५ मध्ये ससेक्स विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. ज्याच्या कामावर आपण रोज उभे असतो त्याला हे निदान हयातीत कळलं, याचं मला मनापासून समाधान आहे.

या सगळ्याला शिस्तीत बसवलं ते विल्किन्सनच्या १९६५ च्या ‘द अल्जिब्राइक आयगेनव्हॅल्यू प्रॉब्लेम’ या ग्रंथाने. त्यातली मध्यवर्ती कल्पना अशी: उत्तर किती चुकलं असं विचारू नका, मिळालेलं उत्तर कोणत्या मॅट्रिक्सचं अचूक उत्तर आहे असं विचारा. क्यूआरबाबत उत्तर मिळतं की ते मूळ मॅट्रिक्सच्या इतक्या जवळच्या मॅट्रिक्सचं अचूक उत्तर आहे की फरक राउंडिंगच्या पातळीचा असतो. पद्धतीचं काम तिथे संपतं. त्यापुढची चूक राहिली तर तो दोष प्रश्नाचा. याचं टोकाचं उदाहरण: सोळा बाय सोळाची मॅट्रिक्स, कर्णावर सगळे शून्य, कर्णाच्या लगेच वर सगळे एक. सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य. खालच्या डाव्या कोपऱ्यात दहाचा वजा सोळावा घात ठेवा. सगळ्या आयगेनव्हॅल्यूंचं मान एकदम ०.१ होतं. इथे कोणताही अल्गोरिदम तुम्हाला वाचवू शकत नाही. म्हणून असममित मॅट्रिक्सचं उत्तर हातात आलं की मी आधी संवेदनशीलता तपासतो आणि मगच त्या आकड्यांवर निर्णय घेतो.

सॉफ्टवेअरचा भाग थोडक्यात सांगतो. विल्किन्सन आणि राइन्श यांनी १९७१ मध्ये अल्गोल या संगणकभाषेतले प्रोग्राम ग्रंथरूपात छापले. अमेरिकेत आर्गोन प्रयोगशाळेत ते फोरट्रानमध्ये आणून आइसपॅक हा प्रोग्रामसंच तयार झाला, आणि १९९२ मध्ये लॅपॅक आलं, ज्यात नव्या संगणकांच्या कॅश मेमरीला साजेशी तुकड्यातुकड्यांची मांडणी होती. तुम्ही नमपायमध्ये आयगेनव्हॅल्यू मागता तेव्हा मागे लॅपॅकच चालतं.

समांतर दुसरी कथा मोठ्या मॅट्रिक्सची आहे. कॉर्नेलियस लांझोश १९५० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये होता. त्याने क्रिलॉव्हची रांग घेतली, पण प्रत्येक नवा व्हेक्टर आधीच्यांना लंब करत गेला. सममित मॅट्रिक्सला यासाठी फक्त मागचे दोनच व्हेक्टर लागतात आणि आपोआप एक त्रिकर्णी मॅट्रिक्स मिळते. १९५१ मध्ये अर्नोल्डीने असममित मॅट्रिक्ससाठी त्याचं रूप दिलं. कागदावर लांझोशची पद्धत परिपूर्ण होती. संगणकावर मात्र काही पावलांनी व्हेक्टरांचा लंबपणा नाहीसा व्हायचा आणि एकच आयगेनव्हॅल्यू पुन्हापुन्हा उगवायची. हाउसहोल्डर आणि क्यूआर आल्यावर लोकांनी तिला बाजूला सारलं.

तिला परत आणलं ख्रिस पेजने, १९७१ च्या आपल्या प्रबंधात. लंबपणा केव्हा जातो याचा त्याने नीट माग काढला, आणि निष्कर्ष असा निघाला की एखादी आयगेनव्हॅल्यू पुरेशी अचूक मिळाली की तिच्याच दिशेने लंबपणा सुटतो. म्हणजे जो बिघाड वाटत होता तोच काम झाल्याचा निरोप होता. त्यानंतर लाखो ओळींच्या, बहुतेक शून्यांनी भरलेल्या मॅट्रिक्सवर लांझोशचा वापर सुरू झाला. तिथे मॅट्रिक्सला हात लावायचाच नसतो, फक्त व्हेक्टरला गुणून घ्यायचं असतं. १९९२ मध्ये सोरेन्सनने अर्नोल्डीच्या पद्धतीला मध्येच थांबवून नव्याने सुरू करायची युक्ती दिली. गंमत म्हणजे त्या युक्तीच्या आतही फ्रान्सिसची शिफ्टच आहे. आर्पॅक हे पॅकेज त्यावर उभं आहे. पुलाच्या किंवा विमानाच्या मॉडेलमधून खालच्या काही वारंवारता काढणारा माणूस आज वीलांटची उलटी मॅट्रिक्स आणि लांझोशची रांग एकत्र वापरतो.

सममित मॅट्रिक्ससाठी नंतरही चांगलं काम झालं. क्युपेनने १९८१ मध्ये मॅट्रिक्स दुभंगून दोन्ही भाग वेगळे सोडवायची पद्धत दिली. आयगेनव्हेक्टर नीट लंब राहावेत यासाठीची तिची दुरुस्ती गू आणि आयझेनस्टॅट यांनी नव्वदच्या दशकात केली. इंदरजित धिल्लों आणि बेरेस्फर्ड पार्लेट यांच्या कामातून आणखी वेगवान पद्धत आली. आणि जेकोबी? १९९२ मध्ये डेमेल आणि व्हेसेलिच यांनी दाखवलं की धन-निश्चित (सगळ्या आयगेनव्हॅल्यू धन असलेल्या सममित) मॅट्रिक्सच्या अगदी लहान आयगेनव्हॅल्यू जेकोबीच्या पद्धतीने क्यूआरपेक्षा जास्त अचूक मिळू शकतात. मॅट्रिक्सच्या संख्यांत प्रचंड तफावत असेल तेव्हा मी आजही तीच निवडतो.

तुमच्या कामासाठी सांगायचं तर आधी दोनच गोष्टी पाहा: मॅट्रिक्स सममित आहे का, आणि तुम्हाला सगळ्या आयगेनव्हॅल्यू हव्यात की चार-पाचच. सममित असेल तर सममितीसाठीचाच वेगळा प्रोग्राम वापरा. सर्वसाधारण प्रोग्राम दिला तर राउंडिंगमुळे उत्तरात संमिश्र भाग डोकावू शकतो. काही हजारांपर्यंतच्या भरगच्च मॅट्रिक्सला क्यूआरसारखी पद्धत चालते. त्यापुढे, आणि मॅट्रिक्स विरळ (बहुतेक शून्यांची) असेल तर, लांझोश किंवा अर्नोल्डी.

एक प्रश्न मात्र फार काळ उघडा राहिला होता. असममित मॅट्रिक्सवर शिफ्टचा क्यूआर नेहमी पोहोचतोच का? लॅपॅकच्या कोडमध्ये आजही तरतूद आहे की ठरावीक फेऱ्यांत काही हललं नाही तर एक वेगळीच शिफ्ट लावून पाहायची. अनुभवाने ठरवलेली ही सोय उत्तम चालते, पण तिच्यामागे प्रमेय नव्हतं. जेस बँक्स, होर्हे गार्झा-वार्गास आणि निखिल श्रीवास्तव यांनी २०२१ पासूनच्या लेखांत शिफ्ट निवडायची अशी रीत दिली आहे, जिच्यासाठी पोहोचण्याची आणि वेगाची हमी सिद्ध करता येते. फ्रान्सिसचा पहिला लेख छापून तेव्हा साठ वर्षं झाली होती.